गोजरबाईच्या गोळ्या

दिवाळी सरली की आमच्या पाथर्डीकडच्या वस्त्या ओस पडतात. ज्याला कोयता पेलतो तो ऊसतोडीला जातो, ज्याला पेलत नाही त्याला आमच्या आश्रमात सोडून जातो. बहात्तरच्या दुष्काळात तर रीघच लागली होती. आजारी म्हातारं आश्रम घेत नसे, म्हणून जो तो आपली आई ठणठणीत असल्याचं सांगे. ऊसतोडीला निघालेल्या सहादेवनंही तेच सांगितलं. बाहेर टोळीचा ट्रक भोंगा वाजवत होता. खोटं बोलला म्हणून मी त्याला बोल लावणार नाही. रिकाम्या गावात आईला एकटं टाकायचं का त्यानं?

मी तिथं बायकांना न्हाऊ घालायचे. आलेल्या माणसाची आधी आंघोळ, जुने कपडे उकळत्या पाण्यात, असा रिवाज. उकळण्याआधी प्रत्येक बोचकं व्यवस्थापक काकासाहेब तपासत. सहादेवच्या आईच्या, गोजरबाईच्या बोचक्यातून गोळ्यांची पुडी निघाली.

"फीट येती, दादा," ती हात जोडून म्हणाली. "रोजची गोळी हाय. तेवढी ऱ्हाऊ द्या."

सहादेवचा ट्रक केव्हाच निघून गेला होता, तिला परत धाडायची सोय नव्हती. काकासाहेबांनी पुडी कपाटात टाकून कुलूप लावलं. मागं कुणाच्या तरी हातच्या औषधानं एक म्हातारा दगावला होता. तेव्हापासून ते फार धास्तावले होते.

"डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर हितं गोळी न्हाई. सोमवारी डॉक्टर येत्यात, तवा बगू."

"फिटाची गोळी मधीच तोडत्यात व्हय?" मी भांडले. "पाथर्डीला मानूस धाडा की."

"चांगुणाबाई, तुमी न्हाऊ घाला."

सोमवारी डॉक्टर आलेच नाहीत. दुष्काळी कामावरचे मजूर तपासायला गेले होते म्हणे. दुसऱ्या दिवशी गोजरबाईचा हात आपोआप उडू लागला. मी तडक पाथर्डीची एसटी धरली.

दवाखान्यात ही गर्दी! डॉक्टर म्हणाले, "पेशंट पाहिल्याशिवाय लिहू कसं?"

"मग चला बगायला."

"आज जमणार नाही."

मी तिथंच फतकल मारली. "लिवल्याबिगर उठायची न्हाई." वैतागून का होईना, त्यांनी लिहिलं.

परतले तेव्हा गोजरबाईला फिटांवर फिटा येत होत्या. काकासाहेबांनी चिठ्ठी नीट वाचली, कुलूप काढलं आणि एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"द्या. आता हरकत न्हाई."

दातखीळ बसली होती. चमचा घालून पाहिला, बोट घालून पाहिलं, गोळी आत जाईना. दिवस मावळायच्या आत गोजरबाई गेली.

सहादेव कुठल्या कारखान्याच्या फडात होता कोण जाणे. अग्नी द्यायला काकासाहेब पुढं झाले. त्यांचे डोळे भरले होते, तरी माझा संताप आवरेना.

"तुमी हात लावायचा न्हाई," मी म्हणाले. त्यांच्या हातातलं पेटतं लाकूड मी हिसकावून घेतलं आणि कुणाच्या परवानगीची वाट न बघता अग्नी दिला.