उलट्या कणाचा उतारा

हिर्डोशीच्या चावडीत भर दुपारी माणसांची रीघ लागली होती. दारं-खिडक्या घोंगड्यांनी झाकून आत तेजोबाबा बसला होता. त्याच्या तळहातावरचा दगड हिरवा उजेड देई आणि बायाबापड्या पदर पसरत.

"ह्यो उलटा कण!" बाबा गरजला. "रोगाला भिडतो, दोघंबी नाहीसे व्हत्यात, उरतो निव्वळ उजेड! पर दुसरं औषध पोटात गेलं, की कण रुसतो!"

सांगायची लाज वाटते, पण हे ज्ञान माझंच. मी इथल्या शाळेचा मास्तर. त्याच साली, १९३४ मध्ये, मासिकात पॉझिट्रॉनबद्दल वाचून मी पारावर फुशारकी मारली होती. इलेक्ट्रॉनचा हा उलटा भाऊ. वेग मंदावून रेणूपाशी आला, की त्यातला एखादा इलेक्ट्रॉन गाठतो आणि दोघंही नाहीसे होतात.

"म्हंजी उताऱ्यावानी?" कुणीतरी विचारलं.

मी हसून "व्हय" म्हणालो. उतारा आजार घेऊन जातो आणि तोवर औषध घ्यायचं नसतं, ही इथली समजूत माझ्या ध्यानातच आली नाही. ऐकणाऱ्यांत बसलेल्या या बाबाच्या मात्र आली.

ठकुबाईची सगुणा हिवतापानं फणफणली होती. भोरच्या डॉक्टरांनी दिलेली क्विनाईनची पुडी आईनं पाच दिवस उघडलीच नव्हती. हे कळताच मी चावडीत घुसलो, दगड हिसकावला आणि खिळ्यानं खरवडला. खरवडला तिथं तो काळाठिक्कर पडला.

"हा शहरात मिळणारा रंग आहे," मी ओरडलो. "उन्हात ठेवला की अंधारात चमकतो. रोज सकाळी हा दगड कौलांवर का ठेवतो, विचारा त्याला! खऱ्या कणाचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही. आणि त्याला ताप कुठला, रक्त कुठलं, काय कळतंय? गाठ पडेल तो इलेक्ट्रॉन घेतो!"

बाबानं मागच्या दारानं पोबारा केला. ठकुबाई धावत घरी गेली, पुडी सोडली. पोरीला गिळवेना. तिसऱ्या दिवशी सगुणा गेली.

"गुर्जी, तुमी व्हय म्हनला व्हता," ठकुबाई एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लोकहो, बाबाला विचारा तसं मास्तरालाही विचारा, कशावरून? आणि उत्तर मिळेस्तोवर लेकराचं औषध थांबवू नका.