नवऱ्याच्या हातातला चाकू

मितेशचा चाकू उघडला की वीतभर पुढे यायचा आणि मिटला तरी खिशात मावायचा नाही. आम्हा तिघांच्या मते हाच त्याचा मोठेपणा होता. खिशात मावणारा चाकू काय, कुणाकडेही असतो.

आम्ही तिघे म्हणजे मितेश, हितेश आणि मी, शिवा. दोन हजार बारा साली पनवेलमध्ये मोठ्या घडीच्या चाकूंचे शौकीन एवढेच होते, निदान आम्हाला सापडले तेवढे. हितेशचं स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मितेश बंदराच्या कंटेनर यार्डात. मी कुरियरमध्ये, म्हणजे दिवसभर खोकी हाताळायची, पण एकही कापायचं नाही. रविवारी संध्याकाळी आम्ही तलावाच्या कठड्यावर बसायचो, आपापले चाकू उघडायचो, बघायचो, मिटायचो आणि घरी जायचो. कापायला काही नसायचं. कधीतरी पेरू.

हितेश परदेशातल्या चाकूवाल्यांच्या वेबसाइट वाचायचा. तिथे लोक आपापल्या चाकूबद्दल पानंच्या पानं लिहितात. आपल्याकडे मुलगी बघून आल्यावर घरी सांगतात तसं: बांधा कसा, पाठ कशी, बोलली तर आवाज कसा. मग आम्हीही तसंच बोलायला लागलो. मितेशच्या चाकूबद्दल हितेशचं मत होतं, "हातात घेतला की माणूस गंभीर होतो." माझं मत होतं, "समोरचा होतो." मितेश स्वतः काहीच बोलायचा नाही. पात्यावरून फडकं फिरवत बसायचा.

तो चाकू त्याने जहाजावर असलेल्या मावसभावाकडून मागवला होता. मूठ वजनदार, पातं रुंद, आणि मुख्य म्हणजे पातं कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचं, बिनलोखंडी. गंज लागूच शकत नाही. खाऱ्या पाण्यात वर्षभर टाका, ठिपका पडणार नाही. तिकडचे मच्छीमार दोर कापायला वापरतात म्हणे. हितेश तर खुळावला होता. खाडीकाठच्या गावात, जिथे दाराच्या बिजागऱ्याही दोन पावसाळे टिकत नाहीत, तिथे गंज न लागणारं पातं! हे आम्ही तिघांनी महिनोन्‌महिने एकमेकांना सांगितलं. त्यात लोखंड नाही याचा अर्थ काय, हे मात्र आमच्यातल्या दोघांच्या डोक्यात आलं नाही.

मग मितेशचं लग्न ठरलं. मुलगी खाडीपलीकडच्या मोरा गावची, स्नेहल.

आमच्याकडे एकदा हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवऱ्याच्या हातात लोखंड असतं. हळदीच्या अंगावर वाईटसाईट लवकर येतं आणि लोखंड बघून परत जातं, असं म्हणतात. बहुतेक घरांत कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू खोचून देतात. नवरा तिच्यासकट जेवतो, तिच्यासकट झोपतो, तिच्यासकट संडासात जातो. कुणी हसत नाही.

मितेशच्या घरात तर मुळीच नाही. आठ वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या भावाची, कल्पेशची, हळद लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाची गोण आत घ्यायची होती. त्यांच्या आईने, मालूकाकीने, दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून त्याच्या हातातली कट्यार घेतली आणि फळीवर ठेवली. कल्पेशने गोण उचलली. तेवढ्यात कुणीतरी बर्फ आणायला टेम्पो काढला, हा तसाच चढून बसला. खाडीवरच्या पुलाच्या उतारावर टेम्पोचा ब्रेक लागला नाही.

कट्यार फळीवर तशीच होती. तेराव्यानंतर काकीने ती खाडीत टाकली. गावातल्या बायका तिच्यासमोर काही बोलल्या नाहीत, पण गप्प राहण्याचीही एक पद्धत असते, ती त्यांनी सोडली नाही. त्या दिवसापासून काकीने कल्पेशचं नाव घेतलं नाही. भिंतीवर त्याचा फोटोही नाही.

म्हणून मितेशच्या हळदीला हत्यार कुठलं, हा प्रश्न आला तेव्हा घरात सगळे खाली बघायला लागले. मितेश म्हणाला, "माज्याकडं हाय." आणि चाकू उघडला.

काकीने तो हातात घेऊन जोखला. "जड हाय," ती म्हणाली. चाकूबद्दल ऐकलेलं सगळ्यात थोडक्यातलं मत, आणि हितेशने मान हलवून ते मान्य केलं.

मग तिने आम्हा दोघांना बाजूला घेतलं. "पोरांनो, तुमी त्याचे दोस्त. नाचा, खा, प्या, काय पन करा. पन तुमचे डोळे त्याच्या हातावर. हातातून सुटला तर मना हाक मारायची."

ही जबाबदारी आम्ही फार मनावर घेतली. बेंजोवाले वाजवत होते, अख्खं गाव नाचत होतं आणि आम्ही दोघं मितेशच्या उजव्या हाताकडे बघत उभे होतो. फोटोग्राफरने दोनदा बाजूला व्हायला सांगितलं, झालो नाही. हळदीच्या प्रत्येक फोटोत मागे आम्ही आहोत, चोराला घेऊन आलेल्या हवालदारांसारखे. काकीने मितेशला स्वतःच्या हाताने भरवलं. आंघोळीला तो चाकूसकट गेला. हितेश बाहेरून दर मिनिटाला विचारत होता, "आहे ना?" आतून उत्तर येत होतं, "हाय रे बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड निघायच्या तयारीत होतं. गाडीला फुलं लावून झाली होती. काकी लिंबू बदलायला आली. जुनं लिंबू काढलं आणि ती थांबली. पातं पदराने पुसलं, उजेडात धरलं.

"काल दुपारपासून लिंबू खोचलाय," ती म्हणाली. "कट्यार एका रातीत काली पडायची. ह्याला काय सुद्दा नाय."

कौतुकाची संधी हितेश कधीच सोडत नाही. "काकी, हे काळं पडणारच नाही! हा साधा चाकू नाही. लोखंडच नाही ना ह्यात. कोबाल्ट!"

तो आणखी बोलणार होता. मी त्याच्या पायावर पाय दिला, पण पाय द्यायला मला उशीर झाला होता, कारण समजायलाच उशीर झाला होता.

"काय नाय ह्याच्यात?" काकीने विचारलं.

बेंजो पार्टीतल्या एकाने मदत म्हणून फाटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणून दिलं. अशा वेळी मदत करणारा माणूस कुठून येतो कळत नाही. काकीने चुंबक पात्याला लावलं. सरकून खाली पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. मग तिने ते खुर्चीला लावलं, चिकटलं. पाण्याच्या पिंपाला लावलं, चिकटलं. माझ्या पट्ट्याच्या बकलला चिकटलं. मांडवात जे जे होतं त्यात लोखंड होतं; फक्त नवऱ्याच्या हातात नव्हतं.

हितेश पुटपुटला, "काकी, माझी चूक. आम्हाला सुचलंच नाही."

"तुला सुचलं नाय," मितेश म्हणाला. "मना सुचलं व्हतं. म्हनून तर मागवला."

काकीने चुंबक खाली ठेवलं.

"आये, तू मानतंस तुज्यामुलं दादा गेला. तू कट्यार काढून घेतलीस म्हनून. अजून त्या फलीकडं बघत नायस तू. भांडी खाली ठेवतंस, पन त्या फलीवर नाय." तो शांतपणे बोलत होता, पाठ केल्यासारखा. केलंच असणार. "मी ठरवलं, लोखंडाबिगर हलद लावीन, लोखंडाबिगर लगीन करीन, घरी येईन. मग तुला सांगीन. बग, हातात काय नव्हतं आन काय जालं नाय."

"आन जालं असतं तर?"

"तर ते माज्यामुलं. तुज्यामुलं नसतं."

काकीने त्याच्या कानाखाली मारली. हळद लागलेल्या नवऱ्याला मारायची पद्धत आमच्याकडे नाही. तिचा हात पिवळा झाला. तो तिने पदराला पुसला नाही, तसाच धरून उभी राहिली.

"कालपासून मी ह्याच्या हाताकडं बगून जेवले," ती म्हणाली, आम्हा सगळ्यांना, खुर्च्यांनाही. "आन हातात भांडं व्हतं."

मग लोखंड शोधायची धावपळ सुरू झाली. मी माझा चाकू पुढे केला, हितेशने त्याचा. काकीने दोन्हींकडे पाहिलं. "तुमच्या चाकूंवर माजा इस्वास उडाला," ती म्हणाली. आम्हा शौकिनांना इतकं थेट कुणी बोललं नव्हतं. शेवटी मितेशच्या भामाआत्याच्या पानाच्या डब्यातून जुना आडकित्ता आला, काळा, जड, जागोजागी गंजलेला. चुंबक त्याला असं बसलं की दोघांनी ओढून काढावं लागलं.

काकीने आडकित्ता मितेशपुढे धरला. मितेशने हात पुढे केला नाही.

"आये, आता जर घेतला तर तू जलमभर म्हनशील, मी दिला म्हनून वाचला."

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. काकीने आडकित्ता स्वतःच्या मुठीत आवळला आणि ती म्हणाली, "माज्या हातात र्‍हाऊं दे. मी शेजारी बसनार. मना भ्या वाटलं तर देईन, तवा गुमान घ्यायचा."

"घेईन," मितेश म्हणाला.

गाडीत मागे मितेश, काकी आणि मी. पुढे ड्रायव्हरशेजारी हितेश, मांडीवर मितेशचा मिटलेला चाकू. तो सांभाळायला त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. गाव मागे पडलं तरी कुणी बोलेना, म्हणून मी म्हणालो, "काकी, तसं बघितलं तर ही अख्खी गाडीच लोखंडाची आहे. नवरा लोखंडातच बसलाय."

"शिवा," काकी म्हणाली, "गप."

गप झालो. टेम्पोही लोखंडाचाच होता, हे मला बोलल्यावर आठवलं.

पुलावर चढलो आणि गाडी थांबली. पुढे बंदराकडे जाणारे ट्रेलर एकामागे एक उभे. मागेही लागले. पुलाच्या बरोबर उतारावर, जिथे कठड्याचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा नवा आहे, तिथे आम्ही उभे. ड्रायव्हर परगावचा होता. तो आरामात म्हणाला, "इथे नेहमी असंच असतं," आणि इंजिन बंद केलं.

खाली ओहोटी होती. चिखलात बगळे फिरत होते. काकी खिडकीबाहेर बघत नव्हती. तिची नजर ड्रायव्हरच्या पायाकडे होती. एका हाताने तिने मितेशचं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हातातला आडकित्ता इतका घट्ट की बोटांची टोकं पांढरी. ती हुंदके देत नव्हती. नुसता श्वास वर जात होता आणि खाली यायचं विसरत होता. मितेशने तिच्याकडे पाहिलं. सकाळपासूनचा त्याचा ताठा गेला होता.

"दे, आये," तो म्हणाला. "दे तो. घेतो मी हातात."

हितेशने मागे वळून पाहिलं. काकीने हात वर आणला, आडकित्ता मितेशच्या तळव्यापर्यंत आला. आणि तिथेच थांबला.

"नको," ती म्हणाली.

"तुला तरास व्हतोय."

"व्हऊं दे. बगूं दे मना."

पुढचा ट्रेलर हलला. ड्रायव्हरने गाडी चालू केली, ब्रेकवरचा पाय हळूच सैल केला, गाडी उतारावरून खाली निघाली. काकी त्याच्या पायावरची नजर काढेना. पूल संपला. पूल संपल्यावर रस्ता असतो, दुसरं काही नसतं. पण आम्ही चौघांनी तो रस्ता बराच वेळ पाहिला. मनगट तिने मोऱ्यापर्यंत सोडलं नाही. मितेशने सोडवून घेतलंही नाही.

मोऱ्याला मांडवाच्या दारात बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मितेश उतरला, दोन्ही हात मोकळे. ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. एका दिवसात सवय गेली होती. स्नेहलच्या मामाने, विठूमामाने, त्याला वरून खाली पाहिलं. मोऱ्याच्या लोकांची नजर अशा बाबतीत पक्की.

"आवो, नवऱ्याच्या हातात काय नाय?" तो मोठ्याने म्हणाला. "हत्यार कुठं हाय?" मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "तुमच्या घरात तर मागं..."

ताट धरलेली बाई थांबली. मितेश बोलायला गेला, पण काकी पुढे झाली.

"कल्पेश," ती म्हणाली. नाव नीट म्हणता आलं का हे बघायला थांबल्यासारखी ती थांबली. "माजा मोठा पोर, कल्पेश. कट्यार मीच घेतली व्हती त्याच्या हातातून. गोन उचलायची व्हती म्हनून. तो गेला तो टेम्पोचा ब्रेक लागला नाय म्हनून गेला. हातात काय नव्हतं म्हनून नाय."

वाजंत्रीवाला तोंडाला सनई लावून तसाच उभा होता. विठूमामाने काकीकडे पाहिलं, मग मितेशच्या मोकळ्या हातांकडे, मग जमिनीकडे.

"उन्हातून आलाव," तो म्हणाला. "पयलं पानी प्या."