उजवीकडचा दांडा

स्वतःच्या घरात उजेड हवा असेल तर हात हलवावा लागेल, असं बाईंना कुणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. नोकरी संपली तरी गल्लीने त्यांना बाई म्हणणं काही सोडलं नाही. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराचसा सुधारला, काठी घेऊन त्या चालू लागल्या. उजवा हात मात्र नुसता लोंबत राहिला. जो तो म्हणू लागला, आता मुलाकडे राहा. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "मी माझ्याच घरी राहणार. लागतील ते बदल करून घेऊ."

मुलगा आर्किटेक्ट. म्हाताऱ्या माणसांना आपल्याच घरात राहता यावं, शिवाय वीज-पाणी कमी लागावं, अशी घरं करून देण्यात त्याचं नाव झालेलं. बाई दवाखान्यात व्यायाम शिकत होत्या तेव्हा त्याने घराची किल्ली नेली.

"काय चाललंय तिथे?" बाई फोनवर विचारायच्या.

"तू फक्त बरी हो गं. आल्यावर बघशीलच."

आल्यावर त्यांनी बघितलं. दाराशी पायऱ्यांऐवजी सौम्य उतार होता. जुन्या टायरच्या रबराची, पाय न घसरणारी जमीन होती. भिंतींना आतून अस्तर घातलं होतं, त्यामुळे हीटर न लावताही खोली उबदार राहत होती. बाईंना मनापासून कौतुक वाटलं. मग त्या बाथरूममध्ये गेल्या.

आधाराचा दांडा होता, चांगला जाडजूड, पण उजवीकडे. डावीकडे धरायला काहीच नाही. त्या कमोडवर बसल्या आणि थोड्या वेळाने, हालचाल थांबली म्हणून, दिवा आपोआप विझला. काळोखात त्यांनी डावा हात हवेत फिरवला, तेव्हा दिवा पुन्हा लागला. शेवटी पालथ्या बादलीवर हात टेकून, धापा टाकत त्या कशाबशा उठल्या.

"दांडा चुकीच्या बाजूला बसवलायस," त्यांनी मुलाला सांगितलं.

"अगं, भिंत उजवीकडेच आहे. होईल सवय."

"माझ्या मेलेल्या हाताला कसली सवय होणार रे?"

आई गंमत करतेय असं वाटून तो हसला. "बरं, आधी पाहणी होऊन जाऊ दे. मग बघू."

कसली पाहणी, ते बाईंना तेव्हा कळलं. त्याने हे घर एका बक्षिसासाठी पाठवलं होतं. निवड करणारी मंडळी येणार होती.

तोवर रोज तोच तमाशा. बाई खोलीत पुस्तक घेऊन बसायच्या, रंगून जायच्या आणि गोष्ट ऐन भरात आली की तिथलाही दिवा गुल. जो हलत नाही तो माणूसच नाही, असं त्या दिव्याचं मत असावं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पाहुणे आले. मुलगा त्यांना खोलीखोलीतून फिरवत होता. छतावरच्या पावसाच्या पाण्याची टाकी, वीज वाचवणारे दिवे, सगळं झालं. "आई इथे पूर्णपणे स्वतंत्र आहे," तो बाथरूमच्या दारात उभा राहून म्हणाला.

पाहुण्यांतल्या एकीने वळून विचारलं, "आजी, तुम्हाला आवडलं का घर?"

"खूप खूश आहे ती," मुलगा म्हणाला.

"प्रश्न मला विचारलाय," बाई म्हणाल्या. शाळेतला आवाज होता तो. त्यांनी गळ्यातला स्कार्फ काढून त्या पाहुणीच्या हातात दिला. "माझ्याच्याने गाठ बसत नाही. याचा उजवा हात अंगाशी घट्ट बांधा."

"आई, हे काय..."

"आणि तू, बस तिथे. उजवा पाय पुढे सोड. आता ऊठ."

सगळ्यांसमोर वाद नको म्हणून तो हात बांधून घेऊन कमोडवर बसला. उठायला गेला. डावा हात धरायला काहीतरी शोधत हवेतच फिरला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा मागे आदळला. मग खाली मान घालून तो नुसता बसून राहिला. दारातल्यांपैकीही कुणी हललं नाही. दिवा विझला.

"हात हलव," काळोखातून बाई म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर तो भडकला. "चार लोकांत माझा पाणउतारा केलास!"

"आणि तू काय केलंस? मी धडधडीत समोर उभी, आणि तू माझ्या वतीने खूश होऊन मोकळा? कुठला हात गेलाय माझा?"

"उजवा."

"ठाऊक आहे ना? मग?"

त्याने स्कार्फची घडी घालून खुर्चीवर ठेवली. मग म्हणाला, "आराखडा आधीच तयार होता. दुसऱ्या एका घरासाठी केलेला."

"म्हणजे मी राहतेय ते घर दुसऱ्याच कुणाचं तरी आहे."

तो तडक निघून गेला. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. काही दिवस फोनही नव्हता, आणि बाईंनीही केला नाही. मग एका सकाळी तो ड्रिल घेऊन स्वतःच आला. मागच्या भिंतीतून डावीकडे येणारा, नको तेव्हा वर उचलता येणारा दांडा त्याने बसवला. दिव्यांना साधी बटणं लावली. बाईंनी बसून, उठून बघितलं. "ठीक आहे," एवढंच म्हणाल्या. राग गेला नव्हता.

पुढे त्या पाहुणीचाच फोन आला. तिच्या वडिलांसाठी घरात बदल करायचे होते, आणि बाईंनी सोबत यावं अशी तिची अट होती. मुलगा कुरकुरत गाडी काढून बाईंना घेऊन गेला.

तिथे म्हातारबाबा खुर्चीत बसले होते. लेक भराभर सांगत होती. बाबांना हे लागेल, बाबांना ते नको, बाबा पडतील म्हणून बाथरूमच्या दाराची कडी काढूनच टाकलीय.

"जरा थांबा," बाईंनी तिला तोडलं. रागाने त्यांचा आवाज चढला होता. "ते इथेच आहेत ना?" मग त्या म्हातारबाबांकडे वळल्या. "तुम्हाला काय हवंय?"

म्हातारबाबा आधी लेकीकडे बघत राहिले. स्वतःचं स्वतः सांगायची सवयच मोडली असावी. मग हळू आवाजात म्हणाले, "बसून आंघोळ करता यावी. आणि दाराला आतून कडी पाहिजे."

"अहो बाबा, पण..." लेक म्हणाली.

"बाहेरूनही उघडता येईल अशी कडी मिळते," आर्किटेक्ट म्हणाला आणि मोजायची टेप काढून म्हातारबाबांच्या खुर्चीशेजारी खाली बसला. "काका, तुमचा हात कुठवर पोचतो, दाखवता?"