न पुसलेली मेमरी
ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रीत, प्रोग्रामरांच्या बैठकीत आदेमीर झनात्ता यांनी नेइवाचा प्रस्ताव मुद्दाम नाकात बोलत वाचून दाखवला. सगळे खिदळले. कर्नेल, म्हणजे संगणकाच्या प्रणालीचा गाभा, त्यांनीच उभा केलेला, नेइवाही त्यांचीच विद्यार्थिनी.

तिचं म्हणणं साधं होतं. एका प्रोग्रामने सोडलेली मेमरी दुसऱ्याला देण्याआधी पुसली जावी, आणि हे कुणी न सांगता, आपोआप व्हावं; नाहीतर आधीच्याचं उरलेलं दुसऱ्याला वाचता येतं.

"ज्याला भीती वाटते त्याने सेटिंग बदलावं," आदेमीर म्हणाले. "बाकीच्यांचा वेग का मारायचा?"

"ज्याला धोकाच माहीत नाही, तो सेटिंग कसं बदलेल, सर?"

"आली मोठी जगाची आई! इतकी वर्षं झाली, पोरी, घाबरटच राहिलीस. दाखव तुझं भूत. घे, माझाच लॅपटॉप घे. आपलाच कर्नेल आहे यावर." त्यांनी स्वतःच तो मोठ्या पडद्याला जोडला.

नेइवाने छोटासा प्रोग्राम चालवला. आधी नुसता निरर्थक अक्षरांचा कचरा आला.

"भुताला लिहिता येत नाही वाटतं!" आदेमीर म्हणाले. पुन्हा हशा.

मग पडद्यावर स्वच्छ शब्द उमटले. सकाळी आदेमीर यांनी याच लॅपटॉपवर इंटरनेटवर शोधलेले. 'स्वादुपिंडाचा कर्करोग पसरल्यावर किती महिने.' खाली, 'बायकोला कसं सांगावं.'

त्यांचा मेहुणा एवाल्दो 'माते' या कडू चहाचा, भोपळ्याचा पेला हातात धरून तसाच उभा राहिला. "दाजी? ताईला ठाऊक नाही हे?"

नेइवाचं बोट बटणावर होतं. एकदा दाबलं असतं तर पडदा काळा झाला असता. तिच्या कानात ते नाकातलं वाचन अजून घुमत होतं.

"आणखी खाली आहे," ती म्हणाली. "दाखवू, सर?"

"पुरे गं." एवढा हळू आवाज त्यांचा कुणी ऐकला नव्हता.

शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांचं वाचून होईतो ती थांबली. मग बंद केलं.

प्रस्तावाला सगळे हात वर गेले. आदेमीर यांचाही.

जेवताना तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. एवाल्दो तेवढा येऊन उभा राहिला. "तुझं म्हणणं बरोबर होतं. पण लगेच बंद करायला काय धाड भरली होती तुला?"

"तुम्हीही हसत होतात," नेइवा म्हणाली आणि मांस कापत राहिली.

तिकडच्या जुलैच्या थंडीत आदेमीर गेले. अंत्यविधीसाठी नेइवा चर्चच्या पायऱ्या चढली. एवाल्दोने तिला पाहिलं आणि आतून दार लावून घेतलं.