गेटपासचा चेहरा

रविवारी विहारात धम्मपालचा रिटायरमेंटचा सत्कार होता, आणि बॅनरला फोटो हवा होता. तो आपणच काढणार, असं नूतननं जाहीर करून टाकलं होतं. व्हिडिओ पाहूनपाहून ती फोटोग्राफी शिकली होती. रुआबांधा वस्तीतल्या निम्म्या पोरी तिच्या कॅमेऱ्यासमोर मान तिरपी करून गेल्या होत्या. नवरा तेवढा राहिला होता.

"आज जमलं नाही तं गेटपासचाच फोटो मोठा करू," शनिवारी धम्मपाल म्हणाला. "तो काय वाईट हाय?"

त्या फोटोत तो हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीतला वाटायचा. आणि स्टील प्लांटमधल्या नोकरीनं त्याला एवढं शिकवलं होतं, की कॅमेरा दिसला की हात सरळ, हनुवटी वर, डोळे वटारलेले. लग्नाच्या अल्बममध्येही तो गेटपासच काढून घेत होता.

दुपारी क्वार्टरच्या अंगणात काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या जागी दोन खड्डे आले. दोष उन्हाचा होता, पण बोलणी नूतनलाच बसली. ऊन उतरल्यावर तिनं त्याला मैदानात नेलं आणि मावळत्या सूर्याकडं तोंड करून उभं केलं. लगेच त्याचा हात कपाळावर गेला.

"अहो, हात खाली!"

हात खाली आला, पुन्हा वर गेला. सगळी नोकरी भट्टीपुढं गेलेली. समोरून उजेड आला की हात आपोआप वर.

शेवटी तिनं त्याची पाठ सूर्याकडं केली. पोरीला, खुशबूला, समोर पांढरी चादर धरायला लावली, म्हणजे उजेड उलटून चेहऱ्यावर यावा. उजेड आला. चेहरा मात्र गेटपासचा.

"मम्मी, हाथ दुख रहे हैं," खुशबू कुरकुरली. सूर्य झाडांना टेकत होता.

नूतन कॅमेरा छातीशी धरून त्याच्या मागं, सूर्याच्या बाजूला गेली. "अहो, भट्टीतला माल तयार झाला हे तुमाले कसं समजे?"

"कावून इचारते? रंगावरून!" धम्मपाल गर्रकन सूर्याकडं वळला, हात कपाळावर, डोळे बारीक. "असं पाहिलं की..."

क्लिक.

घरी खुशबूनं तो फोटो एडिट केला. सुरकुत्या गेल्या, रंग उजळला. "पापा एकदम हीरो!"

धम्मपालनं चष्मा लावला. "हा कोण हाय? याले तं गेटवरच अडवतीन."

नूतननं सगळं पुसून मूळ फोटो परत आणला. हाताची सावली डोळ्यांवर पडली होती, तेवढी जराशी उजळली. बाकी काळेपणा, कपाळावरच्या आठ्या, सगळं जिथल्या तिथं.

तो फोटोवर वाकला.

"मी तिकडं भट्टीवर असा दिसत होतो?"

"मले काय माहीत? मी तं घरचाच पाहिला, पेपर तोंडावर घेऊन झोपलेला."

तो हसला. मग स्वतःच बॅनरवाल्याला फोन लावला. "फोटो पाठवून राहिलो. अन् बाबू, गोरा नको करू मले."