चार बोटं खोल

पुष्पाबाईला मी खोटं सांगितलं. का सांगितलं तेही मला चांगलं आठवतं. आधी हे सांगून टाकते, नंतर कोणी म्हणायला नको की भिकुबाईने लपवून ठेवलं.

माझा भाऊ झुलाल भुसावळला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. सत्तेचाळीस साली साहेबाने सामान बांधलं, तेव्हा मडमेने जाता जाता झुलालच्या हातात बियांची एक पुडी ठेवली. ती पुडी तो सावद्याला येऊन मला देऊन गेला. फुलाचं इंग्रजी नाव त्याने दोनदा सांगितलं, पण माझी जीभ काही वळली नाही. पेरायचं कसं ते मात्र मी नीट ऐकून घेतलं.

"मातीवर नुस्तं भुरभुरव. झाकू नको, या बियाले उजेड लागतो," तो म्हणाला. "आनि पयलं वरीस नुस्ता पाला येईन. फूल नही म्हनून उपटून फेकू नको."

तसंच झालं. पहिलं वर्षभर भाकरीसारखा जमिनीला चिकटलेला पाला. उन्हाळा त्याने मोरीच्या पाण्यावर काढला. दुसऱ्या वर्षी मधून कंबरभर दांडा उठला आणि फाल्गुनात पिवळीधमक फुलं आली. फुलं सगळ्यांच्या दारी असतात, पण हे फूल दिवेलागणीला तुमच्या डोळ्यांसमोर उमलायचं. कळी आधी जराशी थरथरायची आणि मग एकदम सुटायची, एक भाकरी उलटायला लागते तेवढ्या वेळात. अर्धी गल्ली माझ्या परसात येऊन बसू लागली. मी देवापाशी दिवा लावून सावकाश बाहेर यायची आणि मग म्हणायची, "पहा आता." जसं काही फूल माझ्याच हुकुमाची वाट बघत होतं.

पुष्पाबाई शेजारच्या भागाबाईची सून. आमच्या दोन परसांमध्ये छातीभर उंचीची मातीची भिंत. पोरगी धुळ्याकडची, पिंपळनेरची. तिचं ते 'आहे'ला 'शे' नि 'सगळा'ला 'बठ्ठा' ऐकून आमच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मीही लावायची, कशाला खोटं बोलू? ती रोज यायची, मागे उभी राहायची, गप्प बघायची. आणि एका संध्याकाळी भरल्या घोळक्यात बोलून गेली.

"फूल झकास शे. पन काय कामनं? दिवा लागावर कोन फूल तोडस? आनि सकायले ते शियं. देवले चालस नही."

खरंच होतं ते. दिवे लागल्यावर आपल्यात कोणी झाडाला हात लावत नाही आणि आदल्या दिवशीचं शिळं फूल देवाला वाहत नाही. इतक्या दिवसांत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, ते या सहा वर्षं नांदून कूस न उजवलेल्या पोरीच्या डोक्यात आलं. सगळ्या हसल्या. पहिल्यांदाच तिच्याबरोबर हसल्या, आणि माझ्यावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी चार बायका कमी आल्या.

आणि बी धरायच्या दिवसांत हीच बया भिंतीवरून हात पुढे करते. "अक्का, थोडं बी द्या ना माले. कितलं खोल पेरू?"

बी मी अस्सल दिलं, मूठभर दिलं. आणि म्हटलं, "चार बोटं खोल घाल. वरून शेनखत दाब. नि केळीले देतात तसं रोज पानी दे."

केळीवर जगणारं आमचं गाव. शेणखत आणि पाणी म्हटलं की कोणाला शंका येत नाही. तिने आश्विनात वाफा केला आणि सासूच्या देखत एकेक आळं चार बोटं मोजून घेतलं. "कोनं सांगतलं एवढं खोल?" भागाबाईने विचारलं. "भिकुबाई अक्कास्नी," ती म्हणाली. मी भिंतीआड तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, वाफा काळाच्या काळा. पुष्पाबाई रोज वाकून बघायची, रोज पाणी घालायची. गल्लीत कुजबुज सुरू झाली आणि भागाबाईने ती मोठ्याने करून टाकली. "हिच्या हाताले गुनच नही. जिथं हात लावते तिथं उगत नही." पोर न होणं आणि बी न उगणं अशा दोन गोष्टी तिने एकाच दोऱ्यात ओवल्या. मृगात केळीचे कंद लावायला सगळं घर शेतात गेलं, पण पुष्पाबाईने कंदाला हात लावायचा नाही, लांबून पाण्याच्या घागरी तेवढ्या आणायच्या. नवरात्रात घटाचं धान्य भागाबाईने दुसऱ्याच्या सुनेला बोलावून पेरून घेतलं.

मला सगळं ऐकू यायचं. भिंत ती केवढी. मी एक वाक्य बोलले असते तर त्या पोरीवरचा आळ गेला असता. वाईट वाटायचं का? वाटायचं. पण 'देवले चालस नही' आठवलं की वाटायचं थांबायचं.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्याच मृगात, पाऊस पडायच्या आधी, भागाबाई कुदळ घेऊन त्या वाफ्यावर तुटून पडली होती. "मी इथं वांगी लावते," म्हणत तिने सगळा वाफा खालचा वर केला. मी म्हटलं, चला, पुरावा मिटला. आषाढ निम्मा झाला आणि वांग्याच्या रोपांमध्ये लांबट, पांढऱ्या शिरेची पानं दिसू लागली. एक नाही, दोन नाही, वाफाभर. भागाबाई तण म्हणून मुठीमुठीने उपटायला बसली, तेव्हा पुष्पाबाईने तिचं मनगट धरलं. सासूचं मनगट धरायची ही तिची पहिलीच वेळ. मग ती एक रोप हातात घेऊन उठली आणि तिने सरळ भिंतीकडे बघितलं. मी तिथंच उभी होते. तिला कळलं हे मला कळलं.

वाटलं होतं, निदान आता तिच्यावरचा आळ जाईल. कसचं काय. भागाबाई गल्लीभर सांगत सुटली, "सुनेनं पेरलं तं मेलं, मी हात लावला तं उगलं." पुष्पाबाईचा हात आणखीच वाईट ठरला. दोन वर्षं मी तिच्या भांडणाची वाट बघितली. उत्तरंही तयार ठेवली होती. ती भांडली नाही. दुसरा फाल्गुन आला, त्यांच्या वाफ्यात कळ्या धरल्या, आणि भागाबाईने बायकांना सांगून टाकलं, "आता आखाजीले हिले माहेरी धाडते. आनायले मातर कोनी जानार नही." आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी जातातच. पण परत न्यायला कोणी आलं नाही, तर तिला काय म्हणतात हे सगळ्यांना माहीत होतं. तिचा नवरा कौतिक शेजारीच खाली मान घालून विळ्याला धार लावत होता.

त्या साली माझ्या परसात नुसता पाला होता, फुलांचं वर्ष नव्हतंच. त्यामुळे गल्ली भिंतीपलीकडे बसली. मीही गेले. न जाऊन सांगते कोणाला?

दिवे लागले. पहिली कळी थरथरली आणि सुटली. बायका 'अवं माय' म्हणाल्या. पाठोपाठ बी मागणं सुरू झालं, "भागाबाई, तुमच्या हातानं द्या वं, तुमचा हात गुनाचा." भागाबाई फुलून गेली होती. तेवढ्यात पुष्पाबाई मागून पुढे आली. आवाज अगदी साखरेत घोळलेला.

"आत्याबाईना हातले गुन शेच. बी अक्कास्नं व्हतं, पन त्या बीमा काय जोर नव्हता. आत्याबाईस्नी कुदय मारी, तवय उगनं. अक्कास्ना हातले तेवढा गुन नही."

मी ओठ दाबून बसले. पण भागाबाईला तेवढंही पुरलं नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "खरं हाये, भिके. तुह्या बियात जीवच नव्हता. मी होती म्हनून उगलं."

झालं. माझं डोकंच फिरलं.

"कसला हात नि कसला गुन?" मी म्हणाले. "या बियावर माती पडली का ते उगतच नही. उजेड लागतो त्याले. वर भुरभुरायचं असते ते. तू खनून वर आनलं, म्हनून उगलं. तुह्या जागी गाढव लोळलं असतं तरी उगलं असतं."

भागाबाईचा चेहरा पडला, आणि तो बघून मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. दोन घटका टिकेल असं वाटलं होतं. दोन श्वासही टिकलं नाही. भागाबाईने आपला हात पुढे केला, चार बोटं जुळवली आणि त्यांच्याकडे बघत हळूच विचारलं.

"मंग आमच्या पुष्पाले चार बोटं खोल काऊन सांगतलं व्हतं?"

बायका आधी माझ्याकडे आणि मग एकमेकींकडे बघू लागल्या. दोन वर्षं तयार ठेवलेल्या उत्तरांतलं एकही मला सापडेना. पुष्पाबाई माझ्याकडे बघतही नव्हती. खाली बसून ती बायकांना दाखवत होती, माती अशी नुसती हाताने सारखी करायची आणि बी वर सोडून द्यायचं. माझा राग तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

आखाजीला ती पिंपळनेरला गेली. नवव्या दिवशी कौतिक स्वतः जाऊन तिला घेऊन आला. मृगात केळीचा पहिला कंद भागाबाईने तिच्या हातून लावून घेतला. तो लागला. न लागायला काय झालं होतं?

आता त्या फुलाचं गल्लीत कोणाला कौतुक उरलेलं नाही, घरोघरी आहे. माझ्याकडे संध्याकाळी कोणी येत नाही. परवा समोरच्या घरची नवी सून कैऱ्यांची पाटी घेऊन माझ्या ओट्यापाशी आली. शंभर कैऱ्यांना मीठ किती घालायचं, एवढंच तिला विचारायचं होतं. ती तोंड उघडते तोच तिच्या सासूने दारातून हाक मारली. "तिथं नको इचारू. पुष्पाबाईले इचार."

पोरगी पाटी घेऊन परत गेली. मीठ मी बरोबर सांगणार होते.