उन्हाच्या कोपऱ्यातली इमारत

रुक्मिणी अडून बसली होती, आणि रुक्मिणी एकदा अडून बसली की तिला देवसुद्धा हलवू शकत नाही. मी यव्होन, तिची शेजारीण, मला विचारा.

बोरिवलीत गोराई खाडीच्या काठावर आमची वाडी. अर्धी घरं आम्हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची, अर्धी कोकणातून आलेल्यांची. ही वाडी पाडून उंच इमारत व्हायची होती, आणि तिचा नकाशा माझ्या भाच्याने, मेलरॉयने काढला होता. त्याचं पहिलंच मोठं काम. घरं सगळी वर आणि जमिनीवर सगळ्यांची मिळून एक बाग. पण बिल्डरचा माणूस राजेश स्पष्ट सांगून गेला होता, रविवारी संध्याकाळपर्यंत एकूण एक घराचा होकार आला तर हा नकाशा, नाहीतर कंपनीचा तयार नकाशा. त्या तयार नकाशात बागेच्या जागी गाड्या उभ्या होत्या.

सगळ्यांनी होकार दिला, एकट्या रुक्मिणीने नाही. मेलरॉय तिच्या दारात खेटे घालून दमला. ती त्याला दरवेळी सोलकढी पाजायची आणि एकच बोलायची, "बाबू, कागदार सगळाच हिरवा दिसता." पोराचं तोंड एवढंसं व्हायचं. मला असा राग यायचा तिचा, काय सांगू.

मग त्याने थर्माकोलचं मॉडेल केलं. अगदी खाडीला लागून पांढरीशुभ्र इमारत, तिच्या मागे हिरव्या कागदाची बाग. कागदावर विश्वास नाही ना, मग डोळ्यांनी बघू दे म्हणाला. रविवारी सकाळी त्याने ते अंगणात, चांगलं ऊन पडतं त्या कोपऱ्यात, खऱ्या खाडीकडे, म्हणजे पश्चिमेला, तोंड करून मांडलं आणि स्वारी चर्चमध्ये मिसाला गेली.

इथेच घोळ झाला. मे महिन्यात त्या कोपऱ्यापायी आमच्याकडे बायका एकमेकींशी बोलायच्या बंद होतात. मी वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या वाळवते, रुक्मिणी गावाहून आलेल्या कोकमांची आमसुलं करते. नियम एकच. सकाळी जिची चटई आधी पडेल तिचा कोपरा, आणि दुसरीने ती हलवायची नाही. रुक्मिणी ताट घेऊन आली तर कोपऱ्यात हे मॉडेल. तिला वाटलं, यव्होनने भाच्याला पुढे करून जागा अडवली. हलवता तर येत नाही. पण वर काही ठेवायचं नाही, असं नियमात कुठे आहे? बाईने अर्ध्या बागेत कोकमाच्या साली पसरल्या.

मी मिरच्यांचं सूप घेऊन बाहेर आले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोराच्या मेहनतीची वाट लावली होती तिने. साली फेकून द्याव्या असं वाटलं, पण मांडलेल्या वाळवणाला हात कसा लावणार? उरलेल्या अर्ध्या बागेत मी माझ्या मिरच्या ओतल्या. म्हटलं, होऊन जाऊ दे.

मेलरॉय परत आला तेव्हा हिरवी बाग लाल-जांभळी झाली होती. तो मटकन पायरीवर बसला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं, पण त्याला तसं बसलेलं बघून मला रडूच आलं.

भांडण मात्र आम्ही सोडलं नाही. भांडता भांडता दोघी वाळवण सरकवत होतो, हाताला सवयच तशी. दुपार कलली तशी थर्माकोलच्या इमारतीची सावली बागेत शिरली. साली पुढे गेल्या, मिरच्या पुढे गेल्या. चहाच्या वेळेला बाग रिकामी होती आणि सगळं वाळवण इमारतीपलीकडे, पाण्याकडच्या चिंचोळ्या पट्टीवर दाटीवाटीने बसलं होतं.

मेलरॉय इतका वेळ तेच बघत होता. तो उठला.

"आंटी, बाग मी उलट्या बाजूला ठेवलीय ना," तो म्हणाला.

त्याने दोन्ही हातांनी इमारत उपटली आणि मागे नेऊन ठेवली. बाग पुढे आली, खाडीला लागून. तो भराभर सांगत सुटला. सकाळी ऊन थोडं उशिरा येईल, पण मग मावळेपर्यंत हलणार नाही. झाडं कडेने, मधला चौक वाळवणाला मोकळा, म्हाताऱ्यांची बाकं इमारतीच्या अंगाला. प्रत्येक खिडकीतून आधी बाग दिसेल, मग तिवरं, मग पाणी. जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि रुक्मिणीकडे बघितलं.

तिने वाकून मधल्या चौकावर बोट टेकवलं.

"बाग बरी आसा," ती म्हणाली. "पण थंयसर पयली चटय कोणाची?"

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या कोपऱ्यासाठी मी भांडतेय. माझ्या जिभेवर माझंच नाव होतं, खोटं कशाला बोलू. मेलरॉयच्या शर्टाला कोकमाचे डाग पडले होते आणि तो श्वास रोखून उभा होता.

"तुझी," मी म्हटलं.

राजेश आला तो मिरचीच्या खाटाने शिंकतच. रुक्मिणीने जांभळ्या बोटांनी सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला. मग माझं रिकामं सूप उचलून माझ्या पुढ्यात ठेवलं.

"मगे तुझी मिरची पण माझ्याच चटयेर घाल गो," ती म्हणाली. "ऊन काय माझ्या बापाशीचा आसा?"

मी मिरच्या गोळा करायला लागले, आणि तीही माझ्या बाजूला येऊन बसली.